सान्चिनमध्ये अंग आवळायचे आणि सेइयुन्चिनमध्ये सोडायचे, हे कसे जुळवावे?

ठाणेकर साधिका:

सर्व साधकांना नमस्कार. मी ठाण्यात गोजू-र्यू परंपरेचे कराटे शिकते. चाळिशी ओलांडल्यावर शिकायला सुरुवात केली, त्यामुळे तरुण मुलांचा वेग माझ्याकडे नाही आणि स्पर्धेत उतरण्याची इच्छाही नाही. मला काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सलग मालिका, नीट समजून करायच्या आहेत. सध्या सान्चिन हा काता रोज आणि सेइयुन्चिन हा काता आठवड्यातून दोनतीनदा असा सराव चालू आहे.

माझी अडचण अशी आहे. सान्चिन करताना आमचे सेन्सेई (शिक्षक) पायाच्या बोटांपासून मानेच्या मुळापर्यंत सगळे अंग आवळायला सांगतात आणि मागे उभे राहून खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर थापा मारून ते तपासतात. लगेच सेइयुन्चिन सुरू झाला की तेच सेन्सेई म्हणतात, ‘खांदे सोडा, हात सोडा, जोर लावू नका.’ मी हात सोडला की त्यातला जीवच जातो आणि समोरच्याचे मनगट धरून ओढले तरी तो जागचा हलत नाही. जोर लावला की खांदे कानांपाशी जातात, मान आखडते आणि दुसऱ्या दिवशी डोके दुखते. काता सैल अंगानेच करायचा असेल, तर रोज सान्चिनमध्ये अंग आवळण्याची सवय का लावून घ्यायची, आणि सैल अंगातून ताकद नेमकी येते कुठून, हे मला कोणी समजावून सांगेल का?

आणखी एक शंका आहे. मध्यंतरी आमच्या वर्गावर दुसऱ्या शैलीचे एक शिक्षक आले होते. सान्चिनमुळे रक्तदाब वाढतो, म्हणून ठरावीक वयानंतर तो करूच नये, असे ते म्हणाले. माझा रक्तदाब काठावर आहे, औषध अजून सुरू नाही. त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी केवळ चर्चेपुरता नाही.

नाहा-ते:

आपल्या सेन्सेईंच्या दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध वाटत असल्या, तरी हा भेद गोजू-र्यूच्या रचनेतच आहे. या शैलीचे संस्थापक मियागी चोजुन (1888–1953) यांनी आपल्या परंपरेतील काता दोन वर्गांत मांडले. सान्चिन आणि तेन्शो हे हेइशु वर्गातले; त्यांत शरीराचा ताण पहिल्या पावलापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत राखायचा असतो. सायफा, सेइयुन्चिन, शिसोचिन, सेपाई, कुरुरुन्फा, सुपारिन्पेई वगैरे बाकीचे काता काइशु वर्गातले. त्यांत ताण तंत्राच्या नेमक्या क्षणी यायचा आणि लगेच ओसरायचा असतो. एका प्रकारात जे शरीर घडते, तेच दुसऱ्या प्रकारात वापरायचे असते. म्हणून सान्चिन संपवून सेइयुन्चिन सुरू करताना सान्चिनचा ताण बरोबर न्यायचा नाही. त्या ताणाने दाखवून दिलेले शरीराचे सांधेजोड तेवढे न्यायचे.

सान्चिनमध्ये शिकायचे असते ते हे की जमिनीपासून मुठीपर्यंत कोणकोणत्या जागा जोडलेल्या असाव्या लागतात. पायाची बोटे जमीन धरतात, गुडघे किंचित आत येतात, माकडहाड खाली आणि पुढे वळते, ओटीपोट भरल्यासारखे होते, कोपर बरगड्यांजवळ राहते आणि काखेखालचा भाग खाली खेचला जातो. नवशिक्याला हे सगळे एकेक करून सांगता येत नाही, म्हणून ‘सगळे अंग आवळा’ अशी ढोबळ सूचना दिली जाते. ती सूचना पहिल्या काही महिन्यांपुरती ठीक असते. पुढे मात्र साधकाने त्या सरसकट ताणातून नको असलेला भाग वेगळा काढून टाकायचा असतो, आणि बहुतेक ठिकाणी ही पुढची पायरी शिकवलीच जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खांद्यावरच्या थापेचा हेतूही इथेच कळतो. सान्चिन तपासताना जाणत्या शिक्षकाचा तळवा मान आणि खांदा यांच्या मधल्या मांसल भागावर पडतो, तेव्हा तो भाग त्याला मऊ आणि खाली बसलेला लागला पाहिजे. तोच तळवा काखेखाली, पाठीच्या कडेला सरकला की तिथे मात्र घट्टपणा लागला पाहिजे. आपल्याबाबतीत बहुधा उलटे होत असावे. वरचा भाग दगडासारखा आणि काखेखाली पोकळी असली की मान आखडते, डोके दुखते आणि ठोसा खांद्यापाशीच संपतो. आपण एखाद्या सहसाधिकेला एक हात खांद्यावर आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे काखेखाली ठेवायला सांगा, सान्चिन-दाचीत (सान्चिनच्या पवित्र्यात) उभ्या राहा आणि अगदी सावकाश एकच ठोसा पुढे न्या. वरच्या हाताला काहीच जाणवू नये आणि खालच्या बोटांना स्नायू भरून आलेला कळावा, एवढेच साधायचे आहे. प्रात्यक्षिकांत पाठीवर लाकडे मोडून घेण्याचे जे प्रकार दाखवले जातात, त्यांतून हे काहीही शिकायला मिळत नाही.

गळ्यातून घरघर काढत, कमाल ताणाने केलेला सान्चिन हेच एकमेव रूप आहे, असेही समजू नये. मियागी यांचे गुरू हिगाओन्ना कान्र्यो यांनी चीनच्या फुजियान प्रांतातील फुझोउ येथून आणलेला सान्चिन उघड्या हातांनी होत असे आणि मूठ पुढच्या काळात मिटली, असे परंपरेत सांगितले जाते. उएची कान्बुन (1877–1948) हेही 1897 साली फुझोउलाच गेले होते. त्यांच्या उएची-र्यूमध्ये सान्चिन आजही उघड्या हातांनी होतो आणि श्वास आखूड, दबक्या आवाजाचा असतो. एकाच मुळाची ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहिली, तर ताणाचे प्रमाण शिक्षकानुसार बदलत आले आहे आणि सांधेजोड मात्र तशीच राहिली आहे, हे दिसून येते.

शुरीची वाट:

वरच्या उत्तराचा बराचसा भाग मला मान्य आहे, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. मी चिबाना चोशिन (1885–1969) यांच्या शोरिन-र्यू परंपरेत शिकतो. आमच्या अभ्यासक्रमात सान्चिन नाही, तरीही जमिनीपासून मुठीपर्यंत शरीर जोडणे आम्हालाही शिकावेच लागते. ते काम आमच्याकडे नाइहान्ची हा काता करतो. म्हणजे कमाल ताणाची पायरी ही अपरिहार्य आहे असे नाही, ती एक वाट आहे. आणि ज्यांचे खांदे मुळातच चढलेले असतात, दिवसभर संगणकासमोर बसून ज्यांची मान आधीच आखडलेली असते, त्यांच्यासाठी ती वाट लांबची ठरते, असे मला वाटते.

नाइहान्चीमध्ये साधक फक्त आडवा सरकतो. पावले फिरत नाहीत, त्यामुळे कंबर गरकन वळवून ठोशाला वेग देण्याची सोयच राहत नाही. जी काही ताकद निर्माण करायची ती बरगड्या आणि कमरेचे हाड यांच्या मधल्या पट्ट्यातून, ज्याला ओकिनावात गामाकु म्हणतात, तिथल्या अगदी बारीक हालचालीतून काढावी लागते. आकडीसारखा वळलेला ठोसा छातीसमोरून जातो, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला कंबर हललेली दिसतही नाही. पण गुरूने दोन्ही कुशींवर हात ठेवले, तर ज्या बाजूने ठोसा निघतो तिची कूस क्षणभर आत दबून परत भरलेली त्यांना जाणवते. खांद्याने जोर लावला तर कूस मुकी राहते. माझ्या माहितीत ताठर साधकाला सैल करण्याचा यापेक्षा प्रामाणिक मार्ग नाही.

आपल्या डोकेदुखीविषयीही थोडे लिहितो. चिबाना आणि शोतोकान शैलीचे फुनाकोशी गिचिन या दोघांचेही गुरू असलेल्या इतोसु आन्को (1831–1915) यांनी, ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे शिकवले जावे म्हणून, 1908 साली दहा सूचना लिहून दिल्या होत्या. त्यांतील आठवी सूचना सांगते की नजर रोखलेली, खांदे खाली आणि अंग घट्ट असावे, आणि सराव रणांगणावर असल्यासारख्या वृत्तीने करावा. तिच्या लगेच पुढची नववी सूचना बजावते की सरावात अती जोर लावला तर ओटीपोटातले बळ नाहीसे होते, चेहरा आणि डोळे लाल होतात आणि शरीराला अपाय होतो, म्हणून सांभाळावे. या दोन सूचना एकाच माणसाने एकापाठोपाठ लिहिल्या, याला मी फार महत्त्व देतो. अंग घट्ट करायला सांगणाऱ्या ओळीतच खांदे खाली ठेवायला सांगितले आहे. तोंड लाल होणे आणि डोके ठणकणे ही त्यांच्या दृष्टीने चुकीच्या सरावाची खूण होती. फुनाकोशी यांच्या वीस सूत्रांतही शक्तीचा जोर कमी-अधिक करणे, शरीराचे प्रसरण-आकुंचन आणि तंत्राची गती मंद-जलद करणे यांचा विसर पडू देऊ नका, असे एक सूत्र आहे. शोरिन असो वा शोतोकान, सगळ्या जुन्या माणसांनी या बदलत्या ताणावर भर दिला आहे.

आता ‘हात सोडला की जीव जातो’ याबद्दल. आपण माकिवारावर, म्हणजे ठोसे मारायच्या फळीवर, सराव करता का? करत नसाल तर सुरू करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काता करताना मूठ हवेत जाते, त्यामुळे ती थांबवण्याचे कामही आपल्याच स्नायूंना करावे लागते. वर्षानुवर्षे केवळ हवेत ठोसे मारणारा साधक, नकळत, हात लवकर आवळून ठोसा अडवण्यातच पटाईत होतो. त्याच्या बाहीचा आवाज छान येतो आणि त्यालाच तो ताकद समजतो. जमिनीत रोवलेली लवचीक फळी मात्र फसत नाही. खांदा चढलेला असेल तर फळीचा धक्का थेट खांद्यात परत येतो आणि आपणच मागे ढकलले जातो. खांदा खाली बसलेला आणि काख भरलेली असेल तर तोच धक्का पाठीतून मागच्या टाचेत उतरतो, फळी वाकते आणि क्षणभर वाकलेली राहते. सुरुवातीला अगदी हलक्या हाताने मारावे, मूठ फळीला टेकेपर्यंत बोटेसुद्धा पूर्ण आवळू नयेत.

स्पर्धांमधील काताचा प्रभावही लक्षात घ्यायला हवा. पंच दूर बसलेले असतात, त्यामुळे प्रत्येक तंत्राचा शेवट ठळक दिसावा, ऐकू यावा, अशी सवय खेळाडूंना लागते आणि वर्गात ती झिरपते. मी स्पर्धेला कमी लेखत नाही. 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ओकिनावाच्याच कियुना र्यो यांनी र्यूएई-र्यू शैलीचा ओहान-दाई काता करून सुवर्णपदक मिळवले. ती चित्रफीत अवश्य पाहावी, पण तंत्र जिथे थांबते तिथे न पाहता ते जिथून सुटते तिथे पाहावे.

अस्थिबंध:

मी भौतिकोपचार क्षेत्रात काम करतो आणि हौशीने कराटेही करतो. शैलींच्या वादात न पडता शरीराच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

ठोसा पुढे जाताना दंडामागचा स्नायू कोपर सरळ करतो आणि दंडासमोरचा स्नायू त्याला विरोध करू शकतो. दोन्ही एकाच वेळी आकुंचन पावले की सांधा कडक होतो. पण पहिल्या स्नायूची बरीचशी मेहनत दुसऱ्याचा विरोध मोडण्यात खर्च होते आणि हात मंदावतो. म्हणूनच ‘जोर लावला’ असे आपल्याला जितके तीव्रतेने जाणवते, तितका ठोसा बहुधा कमकुवत असतो, कारण ती जाणीव दोन स्नायूंच्या आपसातल्या झगड्याची असते. दुसरीकडे, हात शेवटपर्यंत सैलच राहिला तर आघाताच्या क्षणी मनगट आणि कोपर दुमडतात आणि शरीराचे वजन लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाही. एकट्या हाताचेच वजन पोहोचते. वेगासाठी सैलपणा आणि वजनासाठी घट्टपणा, अशा दोन परस्परविरोधी गरजा एकाच ठोशाला असतात. त्या एकाच वेळी भागत नाहीत, एकापाठोपाठ भागतात.

हे मोजूनही पाहिले गेले आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली मिश्र युद्धकलेतील अव्वल खेळाडूंच्या धडाच्या आणि नितंबांच्या स्नायूंची विद्युत-नोंद प्रसिद्ध केली. अनेक आघातांमध्ये त्यांना दोन शिखरे दिसली. हालचाल सुरू होताना धड एकदा घट्ट होते, मग अवयव वेग घेत असताना स्नायू सैल पडतात आणि लक्ष्याला भिडताना पुन्हा एकदा घट्ट होतात. ओकिनावात या शेवटच्या, क्षणिक घट्टपणाला चिन्कुची म्हणतात. साधिकाताईंना अडचण येते ती बहुधा मधल्या टप्प्यात. पहिला ताण त्या सोडतच नाहीत किंवा सोडला तर दुसरा आणत नाहीत. हा वेळेचा प्रश्न आहे, ताकदीचा नाही, आणि म्हणूनच तो चाळिशीनंतरही उत्तम सुटू शकतो.

आता रक्तदाब. पाहुण्या शिक्षकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. स्नायू स्थिर ताणून धरले की रक्तदाब वाढतो, आणि त्याच वेळी श्वास कोंडून जोर केला की तो फार वाढतो. 1985 साली मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून मोजमाप केले, तेव्हा दोन्ही पायांनी कमाल वजन ढकलताना सरासरी दाब 320/250 पर्यंत गेलेला आढळला. सान्चिनमध्ये इतके वजन नसते, त्यामुळे हा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही, परंतु श्वास कोंडणे किती महाग पडते हे त्यावरून कळावे. गळा आवळून, घशात अडवून, चेहरा लाल होईपर्यंत सोडलेला श्वास हा जवळजवळ कोंडलेल्या श्वासासारखाच असतो. त्याउलट तोंड आणि घसा मोकळा ठेवून, तंत्राबरोबर सतत बाहेर जाणारा श्वास ठेवला आणि ताण निम्म्यावर आणला, तर चित्र पुष्कळ बदलते.

आपल्या डॉक्टरांना ‘कराटे करते’ एवढेच सांगू नका. ‘काही मिनिटे सलग स्नायू ताणून धरण्याचा व्यायाम करते’ असे स्पष्ट सांगा आणि त्यांचा सल्ला मिळेपर्यंत सान्चिन हलक्या ताणाने, मोकळ्या घशाने करा. सरावानंतरची डोकेदुखी मानेच्या स्नायूंमुळे असण्याची शक्यता मोठी आहे, पण रक्तदाब काठावर असताना ते गृहीत धरू नये. सरावाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घरी दाब मोजून ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. कराटेत चक्कर आली, डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा छातीत दडपल्यासारखे वाटले, तर तिथेच थांबावे, सेन्सेई काहीही म्हणोत.

ठाणेकर साधिका:

तिघांचेही मनापासून आभार. सहसाधिकेचा हात खांद्यावर ठेवून सावकाश ठोसा नेऊन पाहिला. वरचा भाग हलतोच आहे, पण कोपर बरगडीला घासत नेले की तो कमी हलतो, हे लगेच लक्षात आले. डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि तोवर घसा मोकळा ठेवूनच सान्चिन करणार आहे.

एक शंका उरते. ठोशाचे गणित कळले, कारण तो वेगाचा आहे. सेइयुन्चिनमध्ये मात्र ठोसे फारसे नाहीतच. शिको-दाचीत (पाय फाकवलेल्या बसक्या पवित्र्यात) बसून हात सावकाश वर येतात, धरतात, ओढतात. तिथे आघाताचा क्षणच नाही, मग घट्ट कधी व्हायचे?

नाहा-ते:

शुरीच्या साधकांचा मतभेद मी आदराने घेतो. खांदे चढलेल्यांसाठी नाइहान्ची सोयीचा, हे मलाही पटते. गोजू-र्यूत राहून ती उणीव भरून काढण्याचे साधन म्हणजे काकिए हा जोडीने करायचा सराव, आणि आपल्या नव्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

सेइयुन्चिनची सुरुवात आठवा. तिरके पाऊल टाकून शिको-दाचीत बसल्यावर दोन्ही मुठी खाली आणि बाजूंना उघडतात, मग उजवा हात उघडा होऊन खालून वर येतो, समोरच्याचे मनगट गुंडाळून धरतो आणि कमरेकडे ओढतो, तेव्हा डावा हात बोटे पुढे करून जातो. यातील ओढण्याचा भाग बहुतेक जण दंडाच्या जोरावर करतात, आणि आपण लिहिल्याप्रमाणे समोरचा हलत नाही. तिथे हवी असते मुचिमी, म्हणजे समोरच्याच्या हाताला चिकटून राहणारा जडपणा. वाळलेला पंचा झटकला तर नुसता आवाज होतो, पण ओला पंचा मनगटाभोवती पडला की तो बसतो आणि खाली ओढतो. हात तसा पडला पाहिजे. त्यासाठी हात सैल हवा, पण रिकामा नको, कारण तो काखेतून पाठीशी जोडलेला असतो. ओढताना हात मागे नेण्याऐवजी बैठक दोन बोटे खाली न्या, श्वास सोडत राहा आणि कोपर बरगडीजवळून सुटू देऊ नका. आपले पूर्ण वजन समोरच्याच्या मनगटावर उतरते आणि दंडाला काहीच करावे लागत नाही. घट्ट होण्याचा क्षण इथेही आहे. तो बैठक खाली पोहोचल्याचा क्षण आहे, पण ठोशापेक्षा तो लांब पसरलेला असतो.

काकिएमध्ये दोघे मनगटाला मनगट लावून आळीपाळीने ढकलतात आणि झेलतात. तिथे खांदा आवळला की समोरच्याला ते त्याच क्षणी कळते, कारण ताठर हात ही धरायला सोयीची काठी असते आणि तिच्या एका टोकाला लावलेला जोर थेट आपल्या खांद्यापर्यंत पोहोचतो. उलट हात गळाठला तर मनगट छातीवर येऊन आदळते. या दोहोंच्या मधली जागा शब्दांनी दाखवता येत नाही, ती समोरच्याच्या दाबातूनच सापडते. आपल्या सेन्सेईंना विनंती करून पाहा की काही आठवडे सान्चिननंतर लगेच सेइयुन्चिन न घेता मध्ये काकिए घ्यावे, तेही डोळे मिटून, अगदी संथ, आणि ढकलण्यापेक्षा झेलण्यावर लक्ष ठेवून. समोर आपल्यापेक्षा वजनाने जास्त असलेली व्यक्ती मिळाली तर अधिक चांगले, कारण तिच्यापुढे दंडाचा जोर चालत नाही आणि बैठक वापरावीच लागते.